जयक्काचं चैत्रातलं हळदीकुंकू

जयक्काची स्कूटी राखाडी होती आणि तिचा डावा आरसा फुटलेला होता. केशवापुरात एवढी खूण पुरे. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात ती स्कूटी कोणाच्या फाटकापाशी थांबली, की शेजारची बाई वाळत घातलेले सांडगे सारखे करायचं निमित्त करून बाहेर यायची, कोणतं घर ते बघायची आणि आत जाऊन हळूच सांगायची, "त्यांच्याकडं गेली. आपल्याकडं नाही."

मग त्या शेजारणीच्या घरात पुन्हा कुकर लागायचा.

जयलक्ष्मी हे पूर्ण नाव फक्त शाळेच्या मस्टरवर. बाकी सगळ्यांची ती जयक्का. हायस्कूलच्या ऑफिसात सव्वीस वर्षं कारकून. आठवीला मूल आलं की पहिली भाषा कन्नड की इंग्रजी, तिसरी हिंदी की संस्कृत, इथपासून ते दहावीनंतरच्या टीसीपर्यंत सगळ्या नोंदी तिच्या हातच्या. आता सगळं कॉम्प्युटरवर चढवावं लागे, पण मोठं रजिस्टर आणि दाखले अजून हातानंच. अक्षर उभं, ठसठशीत, कुठं खाडाखोड नाही. हुबळीतल्या कितीतरी लोखंडी कपाटांत तिचं अक्षर लॅमिनेट होऊन पडलं होतं. लग्नाकार्यात अनोळखी माणसं येऊन सांगायची, "अक्का, माझ्या दाखल्यावर तुमचंच अक्षर आहे." तिला ते आवडायचं. तोंडानं म्हणायची, "त्यात काय एवढं."

चैत्रात मात्र कोणी असं येऊन बोलत नसे.

यंदा एक एप्रिलला हेडमास्तर संजीव सरांनी तिला आत बोलावलं. हेडमास्तर होऊन सहा वर्षं झाली, त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. खुर्चीवर बसायला सांगत, पंखा एक घर वाढवत, मग बोलत. त्यांनी चार घड्या घातलेला कागद टेबलावरून पुढं सरकवला.

"अकरा आहेत, जयक्का."

"गेल्या वर्षी सात होती, सर."

"गेल्या वर्षी दहावीत एक मुलगा राहिला. फाटकावरचा बोर्ड रोज बघता ना तुम्ही? नव्व्याण्णव पूर्णांक दोन. कमिटीला तो पूर्णांक दोन टोचतो."

तिनं कागद उघडला. नावांपुढं पेन्सिलीनं गणिताचे आणि विज्ञानाचे मार्क. "यातली नऊ तर पास आहेत."

"सगळी पासच धरायची. आपण कुठं कोणाला नापास करतोय? टीसीवर 'नववी उत्तीर्ण, दहावीस पात्र' असंच जायचं. दहावी तेवढी दुसरीकडं करायची. स्वखुशीनं." सरांनी चष्मा पुसला. "अर्ज पालकांच्या हातचा. तुमचं एक अक्षर त्याच्यावर नको. फोन नको, चिठ्ठी नको."

"सव्वीस वर्षांत पडलं नाही, सर."

"म्हणून तर तुम्हाला सांगतो."

सरकारचा नियम पस्तीस मार्कांचा. शाळेचा पंचेचाळीसचा, आणि तो कुठंच लिहिलेला नव्हता. पंचेचाळीसच्या खालचं मूल दहावीत घसरलं तर बोर्डावरचा आकडा बिघडतो, म्हणून ते नववीतूनच वाटेला लावायचं. आणि दहावीला बाहेरचं मूल कोणतीच शाळा घेत नाही, कारण त्यांच्याही फाटकावर बोर्ड असतो. म्हणजे मूल पास व्हायचं आणि घरी बसायचं. हे जयक्काला ठाऊक होतं. पण विचार इथवर आला की तिला हटकून दुसरं काहीतरी काम आठवायचं.

पूर्वीच्या हेडमास्तरांच्या वेळी वर्षाला एखादंच नाव असे. पहिल्या वर्षी ती सरळ बोलायला गेली होती, तर एका बापानं तिला भर रस्त्यात, जाणाऱ्या रिक्षा थांबून ऐकतील असं सुनावलं. दुसऱ्या वर्षी योगायोगानं त्या घरी चैत्रगौर बसलेली होती. जयक्का आत गेली, घरच्या बाईनं हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली, पन्हं दिलं. त्यानंतर ती बोलली. आणि कोणी आवाज चढवला नाही. आपणच ज्या सवाष्णीला कुंकू लावलं तिला गौरीसमोर वाईट कोण बोलणार? तेव्हापासून ही तिची रीतच झाली. आधी कुंकू, मग पन्हं, मग काम.

नवरा, श्रीकांत, रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेला. विद्यानगरच्या घरी पायरीवर बसून तो तिची तयारी बघत होता.

"निघाली स्वारी? आज कोणाकडची कैरीची डाळ?"

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठं? आमच्याकडं डबा मोडीत काढायचा असला की त्याच्यावर खडूनं फुली मारायचे. तू कुंकू लावून घेऊन मारतेस, एवढाच फरक."

"मी नाही गेले तर दुसरं कोणीतरी जाईल. ते धड बोलणारसुद्धा नाही."

"ते खरं आहे," श्रीकांत म्हणाला. "खडूवाला पण असंच म्हणायचा."

पहिल्या तीन दिवसांत दहा घरं झाली. कापडवाल्या प्रसादकडं तर बसून पंधरा मिनिटं लागली. त्याच्या निखिलला विज्ञानात चव्वेचाळीस.

"एका मार्कासाठी अक्का?"

"मार्काचं नाही हो. मुलाच्या कलानं घ्यावं. दुसरीकडं मोकळं वाटेल त्याला."

"कमिटीला काही हवं असलं तर सांगा की. आपण काय परके आहोत?"

"परके असता तर मी घरी आले असते का?" ती हसली. "कागद घ्या. कन्नडात लिहा की मराठीत, चालतं. शब्द मात्र हेच. 'घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास पुढे या शाळेत ठेवणे शक्य नाही.'"

"आमच्या घरी अडचण कसली आहे?"

"काही ना काही असतंच हो प्रत्येकाच्या घरी."

प्रसादनं आत बघितलं. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. जयक्काच्या कपाळावर तिनं लावलेलं कुंकू अजून ओलं होतं. त्यानं लिहिलं.

अकरावं घर योगिताचं. केशवापुरातच, मागच्या गल्लीत, दोन खोल्या. नवरा मार्केट यार्डात कामाला, ती घरून डबे देई. मुलगी वेदश्री. गणितात अडतीस.

दार उघडंच होतं. "या अक्का," आतून आवाज आला. "वाट बघत होते."

जयक्का उंबऱ्यावर क्षणभर थांबली. वाट बघत होते, असं तिला चैत्रात आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

गौर छान मांडली होती. कलिंगडाचं कमळ, करंज्यांची चवड. योगिताचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला.

"हाताला काय झालं?"

"तेल. डब्यांची घाई, कढई कलली." तिनं डाव्या हातानं करंडा पुढं केला. "डाव्या हातानं सवाष्णीला कसं लावू? तुम्हीच लावून घ्या."

जयक्कानं स्वतःचं बोट करंड्यात बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला टेकवलं. बोट गार होतं. काहीतरी उलटं झाल्यासारखं वाटलं, पण म्हणायचं काय?

वेदश्री पन्हं घेऊन आली. दोन वेण्या, हातावर शाईचा डाग. "अक्का, दहावीची नवी पुस्तकं जूनमध्येच मिळणार का? शेजारच्या दीपश्रीनं तिची दिलीत मला. कव्हरं घालून ठेवलीत. पण गणिताचं बदललंय म्हणतात."

"बघू हं," जयक्का म्हणाली.

"वेदू, डबा देऊन ये जा," योगितानं सांगितलं. मुलगी चपला घालून गेली तशी ती समोर मांडी घालून बसली. "हं. बोला."

जयक्का बोलली. मुलीच्या कलानं, मोकळं वाटेल, ताण नको. दहा घरांत घासून गुळगुळीत झालेली वाक्यं. योगितानं सगळं ऐकलं.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. रडणं नाही, विनवणी नाही. जयक्काच्या खांद्यावरचं ओझं सरकन उतरलं आणि त्यातच चूक झाली.

"लिहायला हात असा," योगिता म्हणाली. "हे गावाला गेलेत, परवा येतील. तुम्हीच लिहा की, अक्का. तुमचं अक्षर काय सुंदर. मी सही तेवढी यांची घेते."

अकरावा अर्ज. सरांना सगळे चार दिवसांत हवे होते. आणि अक्षराला कोणी सुंदर म्हटलं की जयक्काचा हात आपोआप पेनाकडं जायचा. तिनं पाट पुढं ओढला, कागद ठेवला, लिहू लागली. मा. मुख्याध्यापक यांस. माझी मुलगी कुमारी वेदश्री. घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास...

"'पुढे या शाळेत ठेवणे शक्य नाही,'" तिच्या मागून योगिता म्हणाली. ती कधी उठून मागं गेली ते कळलंच नव्हतं. "'तरी कृपया दाखला मिळावा.' 'कृपया' विसरू नका. आमच्या अप्पांनी विसरलं होतं, तर तुम्ही सगळा अर्ज परत लिहायला लावलात."

पेन थांबलं. "कोण अप्पा?"

"गणेशपेठेत पिठाची गिरणी होती. बावीस वर्षं झाली. इतकी घरं फिरता, तुम्हाला कुठून आठवणार? मी पडद्याआड उभी होते. माझे एक्केचाळीस होते."

जयक्कानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. चाळिशीकडं झुकलेला चेहरा. त्याच्याखाली कुठं दोन वेण्या दिसतात का ते ती शोधत राहिली. "मग दहावी कुठं केलीस तू?"

"कुठंच नाही. चार शाळा फिरलो. घरातून निघताना अप्पा माझा हात धरून चालायचे. चौथ्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा त्यांनी हात सोडला होता. मला वाटलं रस्ता ओलांडल्यावर परत धरतील." योगिता पाटाकडं बघत होती. "लिहा की. 'कृपया' राहिलंय."

आणि जयक्कानं ते लिहिलं. सव्वीस वर्षांच्या सवयीनं हात तिच्या आधी चालला. मग ती उठली. पन्हं अर्धं तसंच राहिलं, चपला उलट्या पायांत गेल्या. स्कूटी लॅमिंग्टन रोडला लागेपर्यंत तिला एवढंच कळत होतं, की कपाळावरचं कुंकू खाली ओघळतंय.

घरी आल्यावर श्रीकांतनं विचारलं, "पेन कुठाय तुझं?"

तिनं पर्स उघडली. पेन नव्हतं. अर्जही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. योगितानं दार अर्धंच उघडलं.

"कागद आहे, अक्का. कपाटात ठेवलाय. माझी टीसी पण तिथंच आहे, तुमच्या हातची. दोन्ही शेजारी ठेवून बघितले. अक्षर जराही बदललेलं नाही तुमचं."

"तो कागद दे, योगिता."

"सही व्हायचीय अजून."

"त्याचं काय करणार आहेस तू?"

"मी काय करणार?" योगिता खरंच विचारात पडल्यासारखी म्हणाली. "दहा तारखेला वेदू शाळेत येईल. नावं तुम्हीच वाचता ना अजून?"

दार लागलं. अगदी हळू, झोपलेलं मूल असलेल्या घरात लावतात तसं.

जयक्कानं सरांना सांगितलं, "एक अर्ज यायचाय. वडील गावाला गेलेत."

"येऊ दे. मुलगी दहा तारखेला वर्गात नसली म्हणजे झालं," सर म्हणाले आणि पंखा एक घर वाढवला.

मधले चार दिवस ती नीट जेवली नाही. श्रीकांतनं एकदाच विचारलं. तिनं सगळं सांगितलं. नेहमीसारखी थट्टा करेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं उठून तिच्यासाठी ताट वाढून आणलं, आणि त्यानंच ती जास्त घाबरली.

दहा एप्रिल म्हणजे निकालाचा दिवस. या शाळेची त्या दिवशीची एक जुनी पद्धत होती. नववीचा वर्ग आणि दहावीचा वर्ग व्हरांड्यात समोरासमोर. जयक्का मध्ये उभी राहून मोठ्या रजिस्टरातून नाव वाचायची. ज्याचं नाव आलं ते मूल उठायचं, व्हरांडा ओलांडायचं आणि दहावीच्या बाकावर जाऊन बसायचं. एकदा वाचलेलं नाव परत घ्यायचं नाही आणि बाकावर बसलेल्याला उठवायचं नाही, हा संस्थापकांच्या वेळचा दंडक. गेली कित्येक वर्षं त्याची गरजच पडली नव्हती. ज्यांची नावं येणार नाहीत ती मुलं त्या दिवशी येतच नसत.

सकाळी साडेआठ. नववीचा वर्ग भरला होता. निखिलची जागा रिकामी. आणखी नऊ जागा रिकाम्या. तिसऱ्या बाकावर भिंतीकडून वेदश्री बसली होती, धुतलेला गणवेश, रिबिनी घट्ट बांधलेल्या. फाटकाच्या जाळीपलीकडं पालकांची गर्दी, त्यात योगिता. उजवा हात पदराखाली.

संजीव सर जयक्काच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी वेदश्रीकडं बघितलं, मग जयक्काकडं. "आलीय," ते पुटपुटले. "नंतर बोलून घ्या. आधी वाचून टाका."

जयक्का वाचू लागली. एकेक नाव, एकेक मूल, चपलांचा आवाज, समोरच्या बाकांचं करकरणं. रजिस्टरात अकरा नावांपुढं पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. ठिपका आला की नजर खाली उतरवायची, हे तिला श्वास घेण्याइतकं सोपं होतं. दहा ठिपके तिनं तसेच ओलांडले. नववीचा वर्ग रिकामा होत गेला. शेवटी शेवटी एवढ्या मोठ्या खोलीत पाचच मुलं उरली. मग चार.

व चं पान आलं. ठिपका.

तिनं वर बघितलं. वेदश्री तिच्याकडं बघत नव्हती. ती समोरच्या वर्गात रिकामी जागा कुठली ते बघत होती, आपण कुठं बसायचं ते ठरवत होती.

जयक्काला पिठाची गिरणी आठवली नाही. अप्पाही आठवले नाहीत. त्या घरातला पडदा तेवढा आठवला. हिरव्या चौकड्यांचा, खालून फाटलेला. आणि त्या फटीतून दिसणारे दोन पाय. तेव्हाही तिनं ते पाहिले होते.

"वेदश्री," तिनं वाचलं.

मुलगी उठली. व्हरांडा ओलांडताना तिनं उगाचच दोन पावलं पळत टाकली, मग शहाण्यासारखी चालली आणि बाकावर बसली.

उरलेली नावं संपली, तसे सर ऑफिसात गेले. जयक्का मागोमाग गेली. त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं.

"वाचलं ते वाचलं," ते म्हणाले. "नियम आहे आपला. वर्गात बसू दे तिला. बोर्डाच्या परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरात असते. तेव्हा तिचा अर्ज शाळेतर्फे नको भरायला, खासगी उमेदवार म्हणून भरू. पास होवो, नापास होवो, आपल्या आकड्यात धरत नाहीत. पालकांच्या संमतीचा एक कागद लागतो." ते थांबले. "ती सही तुम्ही आणाल. तुमचं त्या घरी बरं जमतं असं दिसतंय."

"आणि नाही आणली तर?"

"सव्वीस वर्षांत असं झालं नाही," सर मऊ आवाजात म्हणाले. "सगळी घरं तुम्हीच फिरलाय, जयक्का. कोणी कधी विचारलंच, तर लोक माझं नाव सांगतील का तुमचं?"

ती बाहेर आली तेव्हा फाटकापाशी गर्दी ओसरली होती. योगिता तिच्या स्कूटीशेजारी उभी होती. फुटक्या आरशात तिचे तीन तुकडे दिसत होते.

"साहेब काय म्हणाले?"

जयक्काच्या तोंडात तयार वाक्यं होती. काही नाही, सगळं ठीक, काळजी करू नकोस. तिनं ती गिळली.

"नोव्हेंबरात एक कागद येईल. वेदश्रीला खासगी उमेदवार म्हणून बसवायचा. त्याच्यावर सही करू नकोस. काही झालं तरी करू नकोस."

"घेऊन कोण येणार?"

जयक्कानं स्कूटीची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"मीच."

योगितानं मान डोलावली, जणू तिला हेच उत्तर अपेक्षित होतं. तिनं पर्समधून जयक्काचं पेन काढून तिच्या हातात दिलं. कागद दिला नाही. मग छोटासा करंडा काढला.

"त्या दिवशी राहिलं होतं," ती म्हणाली. पदराखालून उजवा हात बाहेर आला. त्याच्यावर पट्टी नव्हती. भाजल्याची खूण नव्हती, साधा डागसुद्धा नव्हता. त्या निरोगी हातानं तिनं, भर उन्हात, शाळेच्या फाटकात, जयक्काच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट जरा जास्तच वेळ टेकवून ठेवलं.

"नोव्हेंबरात हळदीकुंकू नसतं, अक्का," ती म्हणाली. "तेव्हा कशाच्या निमित्तानं याल?"